फोटोसारखा चेहरा

विमानाचं तिकीट आलं तेव्हा निरीक्षकांनी ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि सगळा घोळ तिथून सुरू झाला. तिकीट शेवटच्या ओळीपर्यंत कुणी वाचत नाही. लोक तारीख बघतात, वेळ बघतात आणि फोन खिशात टाकतात. पण निरीक्षक हे वजनमापांचे निरीक्षक. एकतीस वर्षं त्यांनी पुड्यांवरची बारीक अक्षरं वाचण्याचाच पगार घेतला होता. ते दुकानात शिरले की दुकानदार आधी तराजूकडे बघे, मग छताकडे. असा माणूस शेवटची ओळ सोडणं शक्य नव्हतं.

ओळ अशी होती: प्रवाशाने प्रवेशद्वारावर छायाचित्र असलेलं मूळ ओळखपत्र दाखवावं आणि त्या छायाचित्रावरून प्रवाशाची ओळख पटली पाहिजे.

मुलीचं लग्न शनिवारी दुपारी चार वाजता, तिच्या नोकरीच्या शहरातल्या नोंदणी कचेरीत, मोजक्या वीस माणसांत होणार होतं. साक्षीदार म्हणून बापानेच सही करायची असा तिचा हट्ट होता. बायको दहा दिवस आधीच तिकडे जाणार होती. निरीक्षकांना रजा मिळाली शुक्रवारपासून आणि शुक्रवारचं तिकीट मिळेना, म्हणून त्यांचं विमान शनिवारी सकाळी साडेदहाचं. आयुष्यातलं पहिलं. तयारीला अजून महिना होता आणि महिना हाताशी असला की निरीक्षकांसारखी माणसं स्वस्थ बसत नाहीत.

त्यांनी घरातली सगळी ओळखपत्रं काढून जेवणाच्या टेबलावर मांडली. तेवढ्यात समोरच्या फ्लॅटमधले विमावाले वर्तमानपत्र परत करायला आले. विमावाले म्हणजे विम्याचे एजंट. ते आजवर अकरा वेळा विमानात बसले होते आणि अकराही प्रवासांची हकिकत पूर्ण इमारतीला पाठ होती.

"हे कोण?" त्यांनी वाहन परवाना उचलून विचारलं.

"मी."

"आणि हे?"

"मीच."

"हे तर तुमचे वडील."

"तोही मीच. त्या दिवशी फोटोवाल्याकडे उजेड कमी होता."

परवान्यावरचा फोटो एकोणतीस वर्षांपूर्वीचा होता. बँकेच्या पासबुकावरच्या फोटोवर बँकेने नेमका नाकावर गोल शिक्का मारला होता. कचेरीचं ओळखपत्र स्कूटरच्या डिकीत उन्हाने वितळून त्यातले निरीक्षक एका बाजूला ओघळले होते. उरलं सरकारी ओळखपत्र. ते सगळ्यात धड होतं, पण चौदा वर्षांपूर्वीचं. त्यात निरीक्षकांच्या डोक्यावर काळेभोर केस होते, ओठांवर जाड मिशी होती. आता केस पांढरेफटक होते आणि मिशी बायकोच्या आग्रहावरून कधीच गेली होती.

विमावाल्यांनी ओळखपत्र हातभर लांब धरलं, मग जवळ आणलं, मग निरीक्षकांकडे बघून मान हलवली.

"साहेब, वाईट वाटून घेऊ नका. पण हे काही जमणार नाही. आमच्या साडूला दारातून परत पाठवलं होतं. फोटोत दाढी होती, तोंडावर नव्हती. तेवढ्यावरून!"

पुढे चौकशी केल्यावर कळलं की साडू एका तारखेचं तिकीट घेऊन दुसऱ्याच तारखेला गेले होते. पण हे कळलं फार पुढे.

दुसऱ्या दिवशी निरीक्षक अर्ज घेऊन ओळखपत्रांच्या कचेरीत गेले. दीड तासाने खिडकीशी नंबर लागला. आतल्या कारकुनाने ओळखपत्र हातात घेतलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "हे तुमचं वाटत नाही."

"म्हणूनच फोटो बदलायचाय."

"पण तुमचं असेल तरच बदलता येईल ना."

"बदललात की माझं वाटेल."

"ते नंतरचं झालं. आधी वाटायला पाहिजे."

निरीक्षक स्वतः सरकारी माणूस. समोरचा नियमाला धरून बोलतोय हे त्यांना कळत होतं, आणि त्याचाच त्यांना जास्त त्रास होत होता. कारकून मनाने वाईट नव्हता. त्याने सांगितलं, की दोन प्रतिष्ठित माणसांची पत्रं आणलीत तर करून देऊ, पण चाळीस दिवस लागतील आणि जुनं ओळखपत्र आजच जमा करावं लागेल.

"मग चाळीस दिवस मी कोण?"

"पावती मिळते."

"पावतीवर फोटो असतो?"

"पावतीवर फोटो कसा असेल, साहेब?" कारकून कळवळून म्हणाला. "पुढचे!"

घरी येताना निरीक्षकांनी शांतपणे विचार केला. तराजू आणि प्रमाणित वजन यांचा मेळ बसत नसेल तर वजन कुणी बदलत नाही, तराजू दुरुस्त करतात. ओळखपत्र हे प्रमाण. ते बदलत नाही. तेव्हा चेहरा दुरुस्त करणं ओघानेच आलं. हा विचार त्यांना इतका निर्दोष वाटला की रस्त्यातच थांबून त्यांनी तो पुन्हा एकदा तपासला. त्यात चूक सापडली नाही.

मिशी ठेवायला घेतली. तीन आठवड्यांत ती चांगली भरली, पण आली पांढरी. कचेरीतल्या लोकांना वाटलं, निवृत्ती जवळ आली म्हणून साहेब विरक्त होताहेत. बायको निघाली तेव्हा मिशीकडे बघून म्हणाली, "अहो, लग्न मुलीचं आहे, एवढं लक्षात ठेवा," आणि गेली. केस रंगवायचा बेत निरीक्षकांनी तिला सांगितला नाही. काही गोष्टी पार पडल्यावर सांगितलेल्या बऱ्या असतात.

गुरुवारी संध्याकाळी ते ओळखपत्र घेऊन न्हाव्याकडे गेले. ते आरशाला टेकवून ठेवलं आणि म्हणाले, "असा करून द्या."

न्हाव्याच्या दुकानात लोक नटांचे फोटो घेऊन येतात. स्वतःचाच घेऊन आलेलं गिऱ्हाईक त्याला पहिल्यांदाच भेटत होतं. पण कारण कळल्यावर त्याला काम आवडलं. कलपाचा डबा त्याने पुढे ठेवला. निरीक्षकांनी सवयीप्रमाणे आधी निव्वळ वजन वाचलं, मग उत्पादनाची तारीख, मग बाजूच्या सूचना. तिसऱ्या सूचनेत लिहिलं होतं: वापरण्यापूर्वी थोडा कलप कानामागे लावून अठ्ठेचाळीस तास थांबावे.

"अठ्ठेचाळीस तास थांबायला लिहिलंय," निरीक्षक म्हणाले.

"साहेब, ते लिहायलाच लागतं त्यांना."

"लिहायला लागतं म्हणजे पाळायला लागतं."

"अठ्ठेचाळीस तास थांबलात तर शनिवारी संध्याकाळी काळे व्हाल. विमान सकाळी."

हिशोब बरोबर होता. एकतीस वर्षांत निरीक्षकांनी छापील सूचना कधी डावलली नव्हती. त्या संध्याकाळी पहिल्यांदा डावलली. तासाभराने आरशातून चौदा वर्षांपूर्वीचे निरीक्षक त्यांच्याकडे बघत होते. न्हाव्याने आरशावरचं ओळखपत्र काढून त्यांच्या गालाशी धरलं आणि बाकावर बसलेल्या दोघा गिऱ्हाइकांना दाखवलं. दोघांनीही काम पसंत केलं. निरीक्षक ताठ मानेने घरी गेले आणि झोपण्यापूर्वी दोनदा उठून आरशात पाहून आले.

शुक्रवारी सकाळी मिशीखाली खाज सुटली. नऊला कपाळ गरम झालं. अकराला चष्मा कानांवर बसेना. बारा वाजता त्यांना वाटलं की ढग आलेत, म्हणून ते दिवा लावायला उठले. मग लक्षात आलं, की ऊन लख्ख आहे. डोळे मिटत चालले होते.

दार वाजलं. विमावाले प्रवासाच्या शुभेच्छा द्यायला आले होते. निरीक्षकांनी दार उघडताच ते दोन पावलं मागे सरले.

"साहेब आहेत का?" त्यांनी जपून विचारलं.

"मीच आहे! कलप लावला होता."

"कुणी सांगितलं तुम्हाला कलप लावायला?"

निरीक्षकांनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. पण त्या डोळ्यांतून पाहिलेलं समोरच्याला कळण्यासारखं नव्हतं.

पुढच्या तासाभरात सगळी इमारत मदतीला धावली. विमावाल्यांच्या बायकोने बर्फ आणला. तळमजल्यावरच्या बाईंनी काकडीच्या चकत्या आणल्या आणि त्या डोळ्यांवर ठेवून आपलं सासूबाईंशी काय वाजलं ते सांगत बसल्या, कारण निरीक्षकांना उठता येत नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या संगीतशिक्षकांनी किसलेला बटाटा सुचवला. कुणीतरी टूथपेस्टचं नाव काढलं आणि वाद होऊन शेवटी अर्ध्या चेहऱ्यावर बटाटा आणि अर्ध्या चेहऱ्यावर टूथपेस्ट लावून बघायचं ठरलं. कुठलं जास्त गुणकारी ते कळावं म्हणून. निरीक्षकांना ही पद्धत शास्त्रशुद्ध वाटली. दोन वाजेपर्यंत दोन्ही बाजू सारख्याच सुजल्या आणि एका बाजूला पुदिन्याचा वास येऊ लागला.

नेहमीचे डॉक्टर सुट्टीवर होते. त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टर होता. त्याने इंजेक्शन दिलं, गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाला, "घाबरू नका काका. तीन दिवसांत सगळं उतरेल."

"तीन दिवस नाहीयेत. उद्या साडेदहाचं विमान आहे. मला एक दाखला द्या. लिहा, की सदर सूज तात्पुरती असून सुजेखालील व्यक्ती ओळखपत्रातीलच आहे."

डॉक्टरने पेन उचललं आणि थांबला. "सुजेखाली कोण आहे ते मी कसं सांगू? मी तुम्हाला सूज आल्यावरच भेटलोय."

"मग काय लिहू शकता?"

"सूज खरी आहे, एवढं लिहू शकतो."

तेवढंच लिहून घेऊन निरीक्षक घरी आले.

शनिवारी सकाळी त्यांनी काळा चष्मा लावला, फाईलमध्ये चारही ओळखपत्रं, तिकिटाच्या तीन प्रती आणि सुजेचा दाखला ठेवला आणि वेळेच्या तीन तास आधी विमानतळावर पोहोचले. टॅक्सीवाल्याने उतरताना बॅग काढून देत हळूच विचारलं, "साहेब, ते किती जण होते?" निरीक्षकांनी मोजून भाडं दिलं.

दाराशी गणवेशातला जवान उभा होता. पुढचे लोक फोन दाखवत होते, कार्ड दाखवत होते आणि आत जात होते. जवान त्यांच्याकडे धड बघतही नव्हता. निरीक्षकांच्या पुढच्या माणसाचा फोटो तर चक्क शाळकरी वयातला होता. तोही गेला. एवढं बघून निरीक्षकांना जे वाटलं ते लिहून दाखवण्यासारखं नाही.

जवानाने त्यांचं कार्ड घेतलं. "चष्मा काढा."

निरीक्षकांनी काढला.

"घाला परत," जवान घाईने म्हणाला आणि मागे वळून त्याने हाक मारली, "मॅडम!"

मॅडम म्हणजे त्या दाराच्या अधिकारी. पन्नाशीच्या, शांत, वाचायचा चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्यांनी निरीक्षकांना बाजूच्या टेबलाशी बसवलं आणि फाईल उघडली. चारही ओळखपत्रं ओळीने मांडली. सुजेचा दाखला वाचला.

"हे डॉक्टर तुम्हाला किती वर्षं ओळखतात?"

"कालपासून."

मॅडमनी दाखला घडी करून बाजूला ठेवला. "हे बघा, कागद सगळे बरोबर आहेत. केस फोटोसारखे आहेत. मिशी तर अगदी तीच आहे. मधलं तेवढं जुळत नाही."

"मधलं सुजलंय."

"ते दिसतंय. पण मधल्यावरूनच ओळखायचं असतं."

निरीक्षकांनी तिकीट आल्यापासूनची सगळी हकिकत सांगितली, तारखांसकट. मॅडमनी ती मध्ये न तोडता ऐकली. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे फोटोसारखं दिसण्यासाठी तुम्ही हे केलंत?"

"हो."

"न करता आला असतात तर याने बघितलंही नसतं," त्यांनी जवानाकडे बोट दाखवलं.

निरीक्षक खाली बघत राहिले. एकतीस वर्षांत कितीतरी दुकानदार त्यांच्यापुढे असेच खाली बघत बसले होते. तेव्हा त्यांना कधी वाटलं नव्हतं की टेबलाच्या त्या बाजूची खुर्ची इतकी बुटकी असते.

"घरचं कुणी ओळख पटवेल?" मॅडमनी विचारलं. "व्हिडिओ कॉल लावा."

निरीक्षकांनी चाचपडत बायकोला फोन लावला. पडद्यावर एक पांढराशुभ्र चेहरा उमटला. डोळे आणि तोंड सोडलं तर सगळीकडे लेप. लग्नघरची आई सकाळीच ब्यूटी पार्लरमध्ये जाऊन बसली होती.

"कोण?" तो चेहरा म्हणाला. "ह्यांचा फोन तुमच्याकडे कसा?"

"अगं, मीच आहे!"

"ह्यांना काय केलंत तुम्ही?"

"अगं, मी! कलप लावला, सूज आली!"

मॅडम दोन्ही चेहऱ्यांकडे आळीपाळीने बघत होत्या. "ह्या कोण?"

"ही माझी बायको."

"आणि ह्यांना कोण ओळखणार?"

लेपातून आवाज आला, "खरंच तुम्ही असाल तर सांगा, गॅस बंद केलात का?"

"सहा वाजून दहा मिनिटांनी बंद केला," निरीक्षक म्हणाले. "आधी शेगडीचं बटण, मग सिलिंडरचं. दाराला कुलूप लावल्यावर पुन्हा उघडून एकदा बघितलं. मागची खिडकी लावली, पण कडी बसत नाही म्हणून घडी केलेला कागद खोचलाय. दुधाची पिशवी..."

"तेच आहेत!" लेपाला तडे गेले. "मॅडम, तेच आहेत हो, सोडा त्यांना! अहो, कलप कशाला लावलात? कुणी सांगितलं होतं?" आणि ती रडायला लागली. मागून पार्लरवाली ओरडली, "ताई, रडू नका, सगळं ओघळतंय!" तेवढ्यात फोन कट झाला.

मॅडमनी घसा साफ केला. "हे नवरा-बायको आहेत याची माझी खात्री पटली. पण हे नवरा-बायको म्हणजे कोण, ते राहिलंच."

भिंतीवरच्या घड्याळात सव्वानऊ झाले होते. चार वाजता साक्षीदार लागणार होता. मुलीने तीन महिन्यांपूर्वी फोनवर सांगितलं होतं, "बाबा, तुमची सही नसेल तर मला ते कागद खरे वाटणार नाहीत." निरीक्षकांनी तेव्हा 'हं' म्हटलं होतं. आता त्या बुटक्या खुर्चीत बसून त्यांना एकदम वाटलं, की आपण त्या पोरीला काहीतरी धड उत्तर द्यायला हवं होतं. डोळ्यांत पाणी आलं, पण बाहेर पडायला जागा नव्हती.

मॅडम ओळखपत्र उलटंपालटं करत होत्या. एकदम थांबल्या. फोटोखाली बारीकशी सही होती. परवान्यावरही होती. पासबुकातही.

"सही करा," त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला.

"मला दिसत नाहीये नीट."

"तरी करा."

निरीक्षकांनी पेन घेतलं. कागदाची कड बोटाने शोधली. हाताला कागद लागला आणि खांदा आपोआप सैल झाला. दिवसाला चाळीस तराजू, प्रत्येकाचा दाखला, प्रत्येक दाखल्यावर सही. ती सही करताना त्यांनी कधी कागदाकडे पाहिलंच नव्हतं. ते बघायचे दुकानदाराकडे. आडवी रेघ, तीन वळसे, खाली ओढलेला फराटा आणि शेवटी ठिपका. त्यांनी एक केली. मॅडम म्हणाल्या, "अजून." त्यांनी ओळीने पाच केल्या.

मॅडमनी गळ्यातला चष्मा डोळ्यांना लावला. कागद उजेडात धरला. परवाना, पासबुक, ओळखपत्र एकेक करून शेजारी धरलं. जवानही वाकून बघू लागला. एकोणतीस वर्षांत सही केसभरही हलली नव्हती. ठिपकासुद्धा जागच्या जागी.

"डोळे मिटून केलीत?"

"एकतीस वर्षं तेच काम आहे."

मॅडमनी त्याच कागदावर तारीख, वेळ आणि स्वतःचं नाव घातलं आणि खाली सही केली. कुणीतरी आपल्या सहीखाली सही करतंय हे बघून, किंवा पेनाच्या आवाजावरून ओळखून, निरीक्षकांना दोन दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं. मॅडम उठल्या, त्यांच्या कोपराला धरून विमानाच्या दारापर्यंत स्वतः सोडायला गेल्या आणि वाटेत म्हणाल्या, "येताना सूज उतरलेली असेल ना? मग तुमचा फोटो जुळेल. पण जाताना इथून कुणीतरी वेगळंच गेलं होतं असं कुणी म्हणालं, तर हा कागद दाखवा." निरीक्षकांनी कागद फाईलमध्ये सगळ्यात वर ठेवला. विमानात शेजारच्या प्रवाशाने जागा बदलून घेतली, त्यामुळे त्यांना खिडकी मिळाली. बाहेरचं काही दिसलं नाही.

नोंदणी कचेरीत ते साडेतीनला पोहोचले. लांबच लांब व्हरांडा होता, दोन्ही बाजूंना बाकं आणि बाकांवर चार-पाच लग्नांची माणसं एकत्र बसलेली. बायको एक-दोनदा समोरून गेली, पण त्यांना ती धड दिसली नाही आणि काळ्या चष्म्यात तिने त्यांना ओळखलं नाही. निरीक्षक काळा चष्मा लावून भिंतीला धरून उभे राहिले आणि कुणाला विचारावं याचा विचार करू लागले.

व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला मुलगी मैत्रिणींच्या घोळक्यात उभी होती. तिने मान वळवली आणि ती तडक चालत आली. लोकांमधून वाट काढत, थेट.

"बाबा, किती उशीर केलात!"

"तू मला ओळखलंस कसं?"

"म्हणजे?" तिला प्रश्नच कळला नाही. "चला, आत बोलावताहेत." मग तिने चष्मा काढून त्यांचा चेहरा पाहिला, तोंडावर हात ठेवला आणि इतकी हसली की शेवटी तिला बाकावर बसावं लागलं. हसता हसता ती रडली, आणि आईने मग दोघांनाही पुसलं.

सही साडेचारला झाली. नोंदणी अधिकाऱ्याने साक्षीदारांचे चेहरे बघितलेच नाहीत.

एक मात्र राहून गेलं. मुलाच्या आईवडिलांची आणि निरीक्षकांची ती पहिलीच भेट. त्यांना सुजेबद्दल कुणीतरी सांगितलं असेल असं प्रत्येकाला वाटलं, त्यामुळे कुणीच सांगितलं नाही. विहीणबाई निरीक्षकांशी फार मायेने वागल्या. त्यांना हाताला धरून खुर्चीत बसवलं, त्यांच्याशी जरा मोठ्याने आणि सावकाश बोलल्या. जाताना निरीक्षकांच्या बायकोला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पोरगी तुमच्यावर गेली, बरं झालं." बायकोला तो सरळ आपला गौरव वाटला.

दोन महिन्यांनी, एका रविवारी, विहीणबाई आणि व्याही काही कामासाठी शहरात आले आणि न कळवता घरी उतरले. निरीक्षक नळाचा वॉशर बदलत होते. कलप उतरून केस पांढरे झाले होते, मिशी गेली होती, डोळे टक्क उघडे होते. हातात पाना घेऊन त्यांनी दार उघडलं.

विहीणबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, पान्याकडे पाहिलं आणि हसून म्हणाल्या, "निरीक्षकसाहेब आहेत का घरात? आम्ही त्यांच्या मुलीच्या सासरचे."

सांगायचं म्हटलं तर पार तिकिटाच्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करावी लागली असती.

"आहेत ना," ते म्हणाले. "या, बसा. बोलावतो."

आणि पाना घेऊन आत गेले.